घाटाखालच्या मुलखातील युद्धभय

बालाघाटावरील धारूरहून घाट उतरून माजलगावकडे जाणारा रस्ता जेथे बीड–परळी या हमरस्त्यास मिळतो, त्या चौफुलीवर तेलगाव वसले आहे. सुंदरराव सोळंके यांचे नाव धारण करणारा सहकारी साखर कारखाना, गाळपाच्या हंगामात वजनकाट्यापुढे लागणारी उसाच्या वाहनांची रांग आणि सिंदफणेवरील माजलगाव धरणामुळे पालटलेले शिवार ही आजच्या तेलगावची ओळख आहे. हा मुलूख शतकानुशतके दोन शेजारी सत्तांच्या सांध्यालगत होता, आणि त्या सत्तांमध्ये वितुष्ट येऊ लागले की लष्कराच्या कितीतरी आधी त्याचे भय याच वाटांनी गावोगाव पोचत असे, याची कल्पना आज तेथून जाणाऱ्या प्रवाशास सहसा येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे सव्वीस माणसे मारली गेली आणि मे महिन्यात भारत व पाकिस्तान यांच्यात चार दिवस शस्त्रे चालली, तेव्हा साऱ्या देशाबरोबर मराठवाड्यानेही काळजीने बातम्या ऐकल्या. परंतु ती सरहद्द येथून फार दूरची होती. या भूमीने पूर्वी जे युद्धभय सोसले, त्यातील सरहद्द अवघ्या पस्तीस-चाळीस कोसांवर होती, आणि अखेरच्या प्रसंगी तर ती गावाच्या वेशीच्या आत, गल्ली आणि गल्ली यांच्यामध्ये येऊन ठेपली होती. या मुलखात लढाई नेहमीच अल्पकाळ टिकली, तिच्या आधीचे भय महिनोन् महिने टिकले, आणि रयतेची हानी लढाईपेक्षा त्या भयाच्या हातून अधिक झाली, असे येथील इतिहास वाचताना मला पदोपदी जाणवत आले आहे. त्याच अनुषंगाने पुढील मजकूर लिहीत आहे.

बहमनी राज्याचे तुकडे झाल्यानंतर अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांचे मुलूख बालाघाटाच्या या टापूत एकमेकांस भिडले. १५६५ साली विजयनगराविरुद्ध एकत्र लढलेल्या या दोन शाह्यांमध्ये विजयानंतर दोन वर्षेही सख्य टिकले नाही. अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने १५६७ साली धारूरचा किल्ला बांधून तेथून शेजारच्या मुलखाचा वसूल उगवण्यास प्रारंभ केला, आणि १५६९ साली मुर्तझा निजामशहाने त्या किल्ल्यावर चाल करून तो घेतला, तेव्हा किश्वरखान त्याच झुंजीत पडला. पुढे १६३१ च्या आरंभी, दक्षिणेत महादुष्काळ चालू असतानाच, मोगलांचा सेनानी आझमखान याने हाच किल्ला निजामशाहीकडून जिंकला व त्यास फतेहाबाद हे नाव मिळाले. किल्ला कोणाचा, हा प्रश्न तख्तावर बसणाऱ्यांचा होता. घाटाखालच्या कुणब्यापुढचा प्रश्न यंदाचा वसूल कोणत्या ठाण्यात भरावयाचा हा होता, आणि चुकीच्या ठाण्यात भरला तर दुसऱ्या ठाण्याचे स्वार दारात उभे राहतील, ही धास्ती त्याच्या पाठीशी कायमची होती. सरहद्दीवरच्या गावास दोन धनी असतात, आणि त्या दोघांत तंटा लागला की गावास एकही धनी उरत नाही.

अठराव्या शतकात या दोन धन्यांची नावे पालटली, परिस्थिती पालटली नाही. हैदराबादेचा निजाम आणि पुण्याचे पेशवे यांच्यातील चौथ-सरदेशमुखीचा वाद हा वस्तुतः एकाच रयतेवर दोघांनी सांगितलेल्या हक्काचा वाद होता. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या मोहिमेत निजामास गाठले, तेव्हा निजामाचे लष्कर औश्याकडून धारूरकडे सरकत होते, कारण धारूरास त्याची आणखी फौज होती आणि ती मिळाली तर मराठ्यांस तोंड देता येईल असा त्याचा होरा होता. ३ फेब्रुवारीच्या लढाईने तो होरा फोल ठरला, साठ लाखांवर उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांकडे आला, आणि तीच फौज गोदावरीपलीकडील परतूरच्या मुक्कामाहून अवघ्या महिन्या-दीड महिन्यात पानिपताच्या वाटेस लागली. तीन वर्षांनी निजामअलीने पुणे लुटले; त्याचा जाब १० ऑगस्ट १७६३ रोजी याच बीड जिल्ह्यातील राक्षसभुवन येथे, दुथडी वाहणाऱ्या गोदावरीच्या काठी, अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याने घेतला. निजाम पलीकडे उतरलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अर्ध्या सैन्यासह अलीकडे अडकलेला, अशा स्थितीत ती लढाई झाली व विठ्ठल सुंदर मारला गेला.

या लढायांची वर्णने बखरींतून आणि पत्रव्यवहारातून विपुल आहेत, आणि ती वाचताना रणांगणापासून दहा-वीस कोसांवरच्या गावांत त्या ऋतूंमध्ये काय चालले असेल, हा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. लष्कर म्हणजे लढणारे शिपाई एवढेच नव्हते. घोडी, बैल, हत्ती, बाजारबुणगे, लमाणांचे तांडे आणि लुटीच्या आशेने मागे लागलेले पेंढारी मिळून ते एक फिरते नगर असे, आणि त्या नगराचे पोट वाटेतल्या गावांनी भरावयाचे असे. वैरण आणण्यासाठी निघणाऱ्या टोळीस कही म्हणत. कही ज्या शिवारावर पडली, तेथे उभ्या ज्वारीचे ताट शिल्लक राहत नसे, मग ती कही आपल्या धन्याची असो वा परक्याची. म्हणून लष्कर हलल्याची खबर कासिदाच्या किंवा एखाद्या फकीर-गोसाव्याच्या तोंडून आली की गावकरी प्रथम धान्याचा बंदोबस्त करीत, आणि त्यासाठी त्यांच्यापाशी पेव होते.

पेव म्हणजे कोरड्या, कठीण मातीत खणलेली, तोंडाशी अरुंद व पोटाशी रुंद अशी धान्याची खोल विहीरच म्हणावी लागेल. तिच्या तळास आणि कडांस कडब्याचा किंवा भुश्याचा जाड थर द्यावयाचा, आत ज्वारी भरावयाची, वर पुन्हा भुसा, त्यावर शिळा आणि शिळेवर माती लोटून जमीन सारखी करावयाची, म्हणजे वरून चालणाऱ्या परक्या माणसास खाली खंडोगणती धान्य आहे याची शंका येत नसे. असे पेव वर्षानुवर्षे मिटलेले राहू शके. उघडताना मात्र फार सावधगिरी बाळगावी लागे, कारण आत कोंडलेली हवा प्राणघातक झालेली असे. शिळा काढून ते पुष्कळ वेळ उघडे ठेवीत, मग दोरीने पेटता दिवा खाली सोडून पाहत, आणि दिवा विझला तर कोणी आत उतरत नसे. त्या ज्वारीस आंबूस वास येई, तिची भाकरी काळपट होई, परंतु लुटीच्या वर्षी तीच गावास तगवी. पेवाच्या जोडीला गढी. चौकोनी, दगडी पायावर पांढऱ्या मातीची रुंद भिंत चढविलेली, कोपऱ्यांस बुरूज, बुरुजांत बंदुकीसाठी जंग्या आणि आत पाण्याचा आड, अशा देशमुख-पाटलांच्या गढ्या मराठवाड्यात गावोगाव दिसतात. त्या आता पावसाने खचत चालल्या आहेत व त्यांची माती लोक शेतांत नेऊन टाकतात. वैभव मिरविण्याचा हेतू त्यांत असेलही; परंतु त्यांची ती जाड भिंत पाहिली म्हणजे ती कित्येक पिढ्यांच्या भीतीने बांधून घेतली आहे, याविषयी संशय उरत नाही.

भय वाढले म्हणजे गाव परागंदा होई. शिवार पडीक पडे, आणि लष्कर निघून गेल्यावर सरकारास वसुलासाठी रयतेची विनवणी करावी लागे. अशा ओसाड गावांस अभयाचा कौल देऊन पहिल्या वर्षी नाममात्र व पुढे दरसाल थोडा थोडा चढता धारा बसवीत. या पद्धतीस इस्तावा म्हणत. पेशवेकालीन कागदपत्रांत असे इस्ताव्याचे कौल वारंवार आढळतात, आणि माझ्या मते लढाईच्या जमाखर्चातील खरी खर्चाची बाजू तीच होय. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास मराठे व निजाम यांच्यात जी लढाई झाली, तिच्यापूर्वी निजामअली बेदराहून निघून मांजरेच्या काठाकाठाने मोहरीचा घाट उतरून आला होता. ही मांजरा बीड जिल्ह्यातच पाटोद्याच्या बाजूस उगम पावते, आणि तिचे खोरे तेलगावापासून धारूरच्या डोंगरापलीकडे आहे. लढाई प्रत्यक्षात एका दिवसाची झाली. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला, त्याच्या सैन्याचे पाण्यावाचून हाल झाले, आणि दिवाण मुशीरुल्मुल्क यास पुणेकरांच्या स्वाधीन करण्याचे कबूल करून त्याने तह केला. परंतु दोन्ही फौजा जमा होऊन, एकमेकांचा अंदाज घेत, मुलूख खात खात समोरासमोर येईपर्यंत अख्खा हिवाळा गेला होता, आणि रब्बीच्या ज्वारीचे दिवसही नेमके तेच असतात.

१७९८ व १८०० च्या तहांनी निजाम इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या छत्राखाली गेला, १८१८ साली पेशवाई बुडाली, आणि दोन शेजाऱ्यांच्या जागी एक इंग्रजी इलाखा व एक मोगलाई एवढेच उरले. नगर-सोलापूरकडचे लोक निजामाच्या मुलखास मोगलाईच म्हणत. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे सरहद्दीवर लष्कर आले नाही. मोमिनाबादेस, म्हणजे आंबेजोगाईस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. तिच्या तंबूंपलीकडे युद्धाचे दर्शन या जिल्ह्यास फारसे झाले नाही. पेवे हळूहळू बुजली. सरहद्द राहिली ती करोडगिरी नाक्याच्या रूपाने. हैदराबाद संस्थानचे जकातखाते ते करोडगिरी. आष्टी-पाटोद्याकडून जामखेड-नगरला जाणाऱ्या गाडीवानास तेथे थांबून माल दाखवावा लागे, आणि खिशातील नाणेही पलीकडे बदलून घ्यावे लागे. संस्थानचा हाली रुपया वेगळा, इंग्रजी कलदार वेगळा. साधारणतः सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब असे. हाली रुपयावर चारमिनार कोरलेला असे, कलदारावर इंग्लंडच्या राजाचा मुखवटा असे. बाजारहाट करणाऱ्या बायकांनाही हा सातास सहाचा बट्टा तोंडपाठ होता.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खानांनी फर्मान काढून, इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र सार्वभौम राज्य राहील असे जाहीर केले, तेव्हा या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या निवांतपणाचा अंत झाला. ब्याऐंशी हजार चौरस मैलांचा प्रदेश, १९४१ च्या गणतीप्रमाणे एक कोटी त्रेसष्ट लक्ष प्रजा, समुद्रकिनारा नाही, आणि चारी बाजूंस हिंदी संघराज्य, अशा राज्याचे स्वातंत्र्य नकाशावर किती काळ टिकणार होते, हे आज सहज सांगता येते. त्या वर्षी मात्र ते कोणासच सांगता येत नव्हते. स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांनी पूर्वी मोमिनाबादेच्या योगेश्वरी शाळेत अध्यापन करून या जिल्ह्यातील तरुणांची एक पिढी घडविली होती, ते आता हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष होते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघराज्यात सामील व्हा हा दिन पाळला गेला, आणि १५ ऑगस्टला तिकडे दिल्लीत झेंडा चढत असताना स्वामीजी इकडे कैदेत होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. कराराच्या नावात स्थैर्य होते, परंतु त्याच्या मुदतीत कोणतीही गोष्ट जैसे थे राहिली नाही.

दोन्ही पक्षांनी एकमेकांवर करारभंगाचे आरोप केले. हैदराबादने हिंदी चलनास आपल्या मुलखात बंदी केली, मौल्यवान धातूंची निर्यात रोखली, आणि पाकिस्तानास वीस कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. दिल्लीने आर्थिक कोंडी केल्याचे नाकारले, पण सरहद्दीवर माल अडू लागला ही वस्तुस्थिती होती. या राजकारणाचा अर्थ गावच्या माणसास दिल्लीच्या खलित्यांतून कळला नाही. तो मिठातून आणि रॉकेलमधून कळला. ज्या राज्यास समुद्र नाही त्यास मीठ बाहेरूनच आणावे लागते. माल अडला की दुकानदार हात आखडता घेतो, आणि मिठाचा खडा मोजून टाकण्याची पाळी आली की घरातील म्हातारीसही उमगते की वरती काहीतरी बिनसले आहे. कालपर्यंत बाजारात चालणारा कलदार आज बेकायदा ठरतो, नगर-बार्शीस दिलेल्या मुलीकडे जाण्यासाठी सरहद्द ओलांडावी की न ओलांडावी असा प्रश्न पडतो. युद्धाचे भय प्रपंचात शिरते ते असे, लहान लहान अडचणींच्या वाटेने.

तशातच रझाकारांची संघटना फोफावली. लातुरास वकिली केलेला कासीम रझवी मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाल्यावर त्याने स्वयंसेवकांच्या या दलास राज्यावरील राज्याचे स्वरूप आणले. मंत्रिमंडळाच्या प्रमुखपदी मीर लायक अली, रस्त्यावर रझवी, आणि निजाम दोघांच्या मध्ये, अशी ती रचना होती. रझाकारांची संख्या लाखावर असल्याच्या वार्ता होत्या. भरमार बंदुका, भाले, तलवारी हीच त्यांच्यातील बहुतेकांची शस्त्रे. परंतु निःशस्त्र गावास एवढी पुरेशी होतात. दुसऱ्या बाजूने स्टेट काँग्रेसने सरहद्दीपलीकडे बार्शी, मनमाड, उमरखेड अशा ठिकाणी शिबिरे उघडली होती. तेथून निघालेले तरुण करोडगिरी नाके जाळीत, शिंदीची झाडे तोडून आबकारीचे उत्पन्न बुडवीत, लेव्हीचे धान्य देऊ नका असे गावकऱ्यांस सांगत, पाटील-पटवाऱ्यांकडून राजीनामे घेत आणि दप्तरे पेटवून देत. या तरुणांच्या धैर्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्यांच्यातील कित्येकांनी प्राण दिले. पण इतिहास लिहिताना हेही लिहिले पाहिजे की, रात्री नाका जळे आणि सकाळी त्याचा सूड जवळच्या गावावर उगविला जाई. नाका जाळणारे तोवर सरहद्दीपार गेलेले असत. गाव आपल्या जागीच असे.

१९४८ च्या उन्हाळ्यापासून वार्ता वेगाने येऊ लागल्या. ९ मे रोजी बेदर जिल्ह्यातील गोरटा येथे कत्तल झाली. २२ मे रोजी गंगापूर स्थानकावर मद्रास–मुंबई मेलवर हल्ला झाला. २४ जुलै रोजी बार्शी–सोलापूर वाटेवरील नान्नज येथे हिंदी सैन्याच्या तुकडीवर गोळीबार झाला. कराचीहून सिडनी कॉटन नावाचा वैमानिक रात्रीच्या अंधारात विमानांतून शस्त्रे आणून बेदर-वरंगळास उतरवीत होता. ही गोष्ट तर खरीच होती. परंतु गावोगाव फिरताना तिला पंख फुटले आणि आज पाकिस्तानची विमाने येणार, उद्या मुंबई-मद्रासवर बाँब पडणार, अशा अफवा पसरल्या. खरे आणि खोटे यांतला भेद कळण्यास साधन नव्हते. हैदराबादचे रेडिओ एक सांगे, मुंबईचे दुसरे, आणि रेडिओ तरी कितीशा गावांत होता! २२ ऑगस्टला हैदराबादेत ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली; मुसलमान असून त्यांनी हिंदी संघराज्यात विलीन होण्याची बाजू मांडली, हाच त्यांचा अपराध होता. एक दिवस आधी निजाम सरकारने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे धाडली होती.

ज्यांना शक्य होते ते या महिन्यांत सरहद्दीपार गेले. बायका-मुलांस नगर, बार्शी, सोलापुराकडील सोयऱ्यांकडे पोचवून पुरुष माणूस शेतासाठी मागे राहिला, असे या जिल्ह्यातील पुष्कळ घरांत घडले. दागिने भांड्यात घालून पुरावे, तांब्या-पितळेची भांडी विहिरीत सोडावीत, रात्री वेस लावून आळीपाळीने गस्त घालावी, या ज्या रीती खर्ड्याच्या काळी होत्या, त्या पुन्हा जिवंत झाल्या. मात्र या वेळच्या भयात एक निराळेपणा होता. खर्ड्याच्या वेळी गावाने गाव म्हणून भय सोसले. मुसलमान तांबोळी आणि हिंदू कुणबी एकाच गढीच्या आश्रयास जात. १९४८ साली गस्त कोणाविरुद्ध घालावयाची, याचे उत्तर गावातच होते. हिंदू घरांस रझाकारांचे भय. मुसलमान घरांस, त्यांच्यातील बहुसंख्य पिंजारी, मोमीन, आतार, कसाई, शेतमजूर अशी पोटापाण्यास लागलेली रझाकारांबाहेरची माणसे असूनही, रझाकार हरल्यावर आपले काय होईल याचे भय. राज्यकर्त्यांच्या जातभाईंत गणले जाणे, पण राज्याचा कोणताच लाभ पदरी नसणे, ही त्यांची स्थिती होती, आणि तिचे वर्णन आपल्याकडील हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या लिखाणात फार थोड्यांनी केले आहे.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे हिंदी सैन्य सोलापूरकडून जनरल चौधरींच्या आधिपत्याखाली नळदुर्गावर व पश्चिम-उत्तरेकडून औरंगाबादेवर चालून आले. भाद्रपदाचे, गणपती-गौरींचे दिवस होते. ज्वारी-बाजरी, कापूस, तूर शेतात उभी होती. औरंगाबाद पडले, पंधरा तारखेस जालना पडले, आणि जालन्याहून पुढे निघालेले दल लातूर करून मोमिनाबादेस पोचले, तेव्हा तेथील तिसऱ्या गोवळकोंडा लान्सर्स पथकाने नाममात्र प्रतिकार करून शस्त्रे ठेवली. तेलगावच्या बाजूस सर्वांत जवळची म्हणावी अशी चकमक ती हीच. १७ सप्टेंबरच्या सायंकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्याचा सेनापती अल् इद्रूस याने रीतसर शरणागती पत्करली. पाच दिवस. पंधरा महिन्यांच्या भयापोटी पाच दिवसांची लढाई झाली, आणि जे राज्य इतके दिवस डोंगराएवढे वाटत होते ते एका आठवड्यात कोसळले. लोक रस्त्यावर आले, तिरंगे चढले, स्वामीजी सुटले. त्या आनंदाच्या खरेपणाविषयी कोणी शंका घेण्याचे कारण नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्या भाषेत शिकण्याची, सभा भरविण्याची, बोलण्याची ज्यांस चोरी होती, त्यांचा तो आनंद होता.

परंतु पंधरा महिने साठलेले भय पाच दिवसांत विरघळत नसते. सत्ता पालटली त्या दिवशी ते एका घरातून उठून दुसऱ्या घरात गेले. पुढच्या आठवड्यांत ठिकठिकाणी मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली, घरे व दुकाने लुटली गेली, शेते बळकावली गेली, स्त्रिया पळविल्या गेल्या. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी १९४८ च्या अखेरीस संस्थानात दौरा केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सर्व संस्थानात मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणास मुकली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बेदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत होरपळले. त्यांच्या पाठोपाठ औरंगाबाद, नलगोंडा, मेदक यांच्या जोडीने बीडचे नाव आहे, आणि या दुसऱ्या चार जिल्ह्यांत मिळून निदान पाच हजार जीव गेल्याचे त्यांनी नमूद केले. सरहद्दीपलीकडून आलेल्या टोळ्यांचा, तसेच काही ठिकाणी प्रत्यक्ष सैनिकांचा आणि पोलिसांचा या कृत्यांतील भागही त्यांनी झाकून ठेवला नाही. तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध होऊ दिला नाही. याचे समर्थन मला कोणत्याही युक्तिवादाने करता येत नाही. रझाकारांच्या अत्याचारांची हकीकत आपण सांगतो व ती सांगितलीच पाहिजे, गोरट्याची नावे विसरता कामा नयेत. पण त्याच इतिहासाचे पुढचे पान फाडून ठेवले तर गोरट्याच्या मृतांचाही त्यात मान राहत नाही.

यानंतरच्या घटना शांततेच्या आहेत. १९४९ च्या अखेरीपर्यंत लष्करी अंमल राहिला, २६ जानेवारी १९५० पासून संस्थान भारतीय संघराज्याचे घटक झाले, १९५२ साली निवडून आलेले मंत्रिमंडळ अधिकारावर आले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात सामील झाले. करोडगिरी नाक्यांची गरज उरली नाही. हाली रुपया काही वर्षे कलदाराच्या जोडीने चालून अखेर व्यवहारातून गेला. आष्टी आणि जामखेड यांच्यामधील जी रेघ ओलांडण्यासाठी माणसे रात्रीच्या रात्री चालत होती, ती आता दोन जिल्ह्यांची साधी हद्द आहे, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तेलगाव-वडवणीकडचे ऊसतोड मजूर त्या हद्दीवरून ट्रक-ट्रॅक्टरने पश्चिमेकडील कारखान्यांवर जातात, तेव्हा त्यांस कोणी थांबवीत नाही.

सुंदरलाल समितीच्या अहवालात एक मजकूर असा आहे की, तो या मुलखातील प्रत्येक शाळेत वाचून दाखविला जावा असे मला मनापासून वाटते. हत्या आणि लूट चालू असताना अनेक ठिकाणी हिंदू गावकऱ्यांनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांस आसरा दिला, याची नोंद करून समितीने पुढे लिहिले आहे की, एकाच धंद्यातील माणसांत हा आपलेपणा विशेष दिसून आला. ज्यांनी एकमेकांच्या शेजारी माग लावले असतील, एकाच बाजारात सूत घेतले असेल आणि एकाच सावकाराचे देणे फेडले असेल, अशा हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचा बचाव हिंदू जमावापासून केला, आणि तो करताना त्यांच्यातील काहींस स्वतःचे प्राण द्यावे लागले.